वसंतातील दक्षिण कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाशिवरात्र उलटली की रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या आम्हा मंडळींना मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि कधी कधी थेट परदेशातूनही फोन येऊ लागतात. विचारणारे बदलतात, प्रश्न मात्र थोड्याफार फरकाने तेच राहतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरांमध्ये एक धागा पुन्हा पुन्हा दिसेल, तो आधीच सांगितलेला बरा. या दिवसांत कोकण कामात असते. बागांतून आंबा उतरत असतो, पालख्या घरोघर फिरत असतात, किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांवर पहारा असतो. म्हणून स्थळांची यादी करून तारखा जुळवण्यापेक्षा, कोणत्या पंधरवड्यात काय चालू असते हे पाहून तारखा ठरवाव्यात.

कोकणातला वसंत नेमका कधी धरावा?

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, पण इथली झाडे पंचांगाची वाट पाहत नाहीत. माघ सरता सरता काटेसावर आणि पांगारा पाने टाकून लाल फुलांनी भरतात, फाल्गुनात कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, आणि तोवर आंब्याचा मोहोर गळून फळ कणीवरून सुपारीएवढे झालेले असते. पाहुण्यांच्या सोयीने बोलायचे तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते एप्रिलअखेर हा काळ वसंताचा समजावा. मे महिना शाळांच्या सुट्टीचा, चाकरमान्यांचा आणि गर्दीचा असतो. त्याची मजा वेगळी आहे आणि गैरसोयही वेगळी आहे.

पहिल्यांदाच येणार असू, तर कोणते दिवस निवडावेत?

आपल्याला सर्वांत जास्त काय हवे आहे, त्यावर हे अवलंबून आहे. शिमगा पाहायचा असेल तर फाल्गुन पौर्णिमेच्या आगेमागे यावे. कासवांची पिल्ले पाहायची असतील तर मार्च किंवा एप्रिलचा पहिला पंधरवडा बरा. आंबा पोटभर खायचा असेल तर एप्रिलच्या मध्यानंतर यावे. हे तिन्ही एकाच फेरीत साधेल अशी आशा धरून येणारे बहुतेक वेळा तिन्हींचा थोडा थोडा तुकडा पाहून परततात. मला स्वतःला मार्चचा उत्तरार्ध आवडतो. पालख्या अजून गावात असतात, रात्री दार उघडे टाकून झोपता येते आणि बाजारात ओले काजूगर मिळतात. आंबा मात्र तेव्हा महाग असतो, हे सांगून ठेवतो.

उकाडा सोसवेल का?

सोसवतो, पण दिवसाची आखणी इथल्या माणसांसारखी करावी लागते. किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि जीव हलका होतो. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस असे येतात की पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खारे वारे उशिरा येतात आणि पारा एकदम चढतो. अशा दिवशी बाराच्या उन्हात किल्ला चढायला निघालेले पाहुणे आम्ही दर वर्षी पाहतो. पहाटे साडेपाचला उठावे, दहापर्यंत भटकावे, जेवून पडवीत लवंडावे आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडावे. एप्रिलमध्ये तापमानापेक्षा दमट हवेने अधिक थकायला होते, तेव्हा सुती कपडे, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर हवीच. वाटेत कोकम सरबत मिळेल तेथे घ्यावे.

शिमग्याला परगावच्या माणसाने आलेले चालते का?

चालते, आणि आदराने आलेल्या पाहुण्याचे स्वागतही होते. फक्त हा सण म्हणजे रंग खेळण्याचा एक दिवस नव्हे, एवढे लक्षात घ्यावे. रत्नागिरी जिल्ह्यात फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, म्हणजे फाकपंचमीपासून, त्याची सुरुवात होते. काही गावांत तेरसेचा शिमगा असतो, काही गावांत पौर्णिमेला भद्रेचा. ग्रामदेवतेची रूपी, म्हणजे देवाचे मुखवटे, लावून पालखी देवळातून बाहेर पडते, सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर, बसते, होम होतो, आणि पुढे कित्येक दिवस ती गावातल्या प्रत्येक घरी जाते. काही ठिकाणी हा फेरा पाडव्यापर्यंत चालतो. एरवी बंद असलेली घरे त्या एका दिवसासाठी उघडतात, कारण देव दारात आल्यावर घरात कुणीतरी असलेच पाहिजे. मुंबईकराला रजा मिळाली नाही तर तो रात्रीच्या गाडीने येतो, पालखीपुढे ओटी भरली जाताना हात जोडतो आणि दुसऱ्या रात्री परत जातो.

पाहण्यासारखा क्षण पालखी नाचवण्याचा असतो. ढोलाचा ठेका बदलला की खांद्यावरची पालखी डोक्यावर जाते, नाचणारा माणूस हात सोडतो, आणि भोवतीच्या गर्दीचा श्वास अडकतो. त्यानंतर गाऱ्हाणे घातले जाते. गावकार एकेका घरासाठी, नोकरीसाठी, अडलेल्या लग्नासाठी देवाला साकडे घालतो आणि सिंधुदुर्गाकडे प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. संकासुर, गोमू आणि खेळे ही शिमग्यातली सोंगे दिसली की मुले आधी घाबरतात आणि मग त्यांच्यामागे धावत सुटतात. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, पालखीच्या वाटेत आडवे उभे राहू नये, आणि चपला अंगणाबाहेर काढाव्यात. एखाद्या घरी बसवून घेतले तर चहा नाकारू नये.

वेळासला गेल्यावर कासवांची पिल्ले हमखास दिसतात का?

हमखास नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव नाना फडणवीसांचे म्हणून जुन्या लोकांना ठाऊक होते. गेल्या दोन दशकांत ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे ओळखले जाऊ लागले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे संवर्धनाचे काम सुरू केले, गावकरी त्यात आले, आणि पुढे पाहुण्यांसाठी कासव महोत्सव सुरू झाला. मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. कोल्हे, कुत्री आणि माणसे यांच्यापासून वाचवण्यासाठी ही अंडी काढून जाळीच्या कुंपणाआड तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरली जातात. पिल्ले बाहेर यायला सुमारे दीड ते दोन महिने लागतात, आणि तो काळ वाळूच्या उष्णतेनुसार पुढेमागे होतो. त्यामुळे अमुक दिवशी पिल्ले निघतीलच, असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सूर्यास्ताआधी कार्यकर्ते खड्ड्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या उचलून पाहतात. एखाद्या टोपलीखाली काही नसते, एखाद्या टोपलीखाली तळहाताच्या निम्म्याएवढी, ओल्या कोळशाच्या रंगाची पिल्ले एकमेकांवर चढून बसलेली असतात. ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, हातात धरून समुद्रात टाकत नाहीत, कारण तेवढी वाट त्यांनी स्वतःच्या पायांनी चालणे आवश्यक असते. मोठी झाल्यावर माद्या अंडी घालायला बहुधा याच पट्ट्यातल्या किनाऱ्याकडे परततात. दोरीच्या आत पाऊल टाकू नये, फ्लॅश वापरू नये, पिल्लाला ‘मदत’ करू नये. दोन रात्री मुक्काम ठेवला तर चार वेळा किनाऱ्यावर जाता येते आणि संधी वाढते. पिल्ले निघालीच नाहीत तर बाणकोटचा किल्ला जवळच आहे. दापोली तालुक्यात आंजर्ल्यालाही असेच काम चालते, आणि तेथे कड्यावरचा गणपती पाहून होतो.

हापूस खरा आहे हे कसे ओळखावे, आणि बागेत जाता येते का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाग पाहिली की पहिला प्रश्न निम्मा सुटतो. देवगड, राजापूर, रत्नागिरी या तालुक्यांत अनेक बागायतदार आधी कळवून आलेल्या पाहुण्यांना बाग दाखवतात. तोडणी पहाटे ऊन चढण्यापूर्वी होते, तेव्हा लवकर पोहोचावे. लांब काठीच्या टोकाला पाते आणि जाळीची पिशवी असलेल्या झेल्याने फळ देठासकट काढतात. देठ मुळाशी तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि तेथे काळा डाग पडतो. झाडावर फळ पूर्ण पिकू देत नाहीत. जाणता गडी खालूनच पाहून ‘चौदा आणे तयार’ असे म्हणतो. फळाचे खांदे देठाच्या वर आलेले आणि रंग किंचित फिका झालेला, ही त्याची खूण असते. मग भाताच्या पेंढ्यात आढी घातली जाते. आठ-दहा दिवसांनी त्या खोलीचे दार उघडले की येणारा वास एकदा नाकात बसला, तर बाजारातली फसवणूक पुष्कळ कमी होते.

आता ओळखण्याबद्दल. हापूसची साल पातळ असते, पिकल्यावर देठाजवळ नाक नेले की वास येतो, आणि कापल्यावर गर केशरी व रेषाविरहित निघतो. रसायनाने पिकवलेला आंबा वरून एकसारखा पिवळाधमक दिसतो आणि वासाला मुका असतो. आढीतल्या आंब्यावर हिरव्या-पिवळ्या छटा मिसळलेल्या असतात. कधी कधी चांगल्या फळातही आत साका निघतो, म्हणजे पांढरट, बेचव गाठ. तो विकणाऱ्याचा लबाडपणा नव्हे, तो हापूसचा जुना दोष आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळापुरते आहे. तरीही पेटीवर ‘देवगड’ छापलेले असले म्हणजे आत देवगडचाच आंबा असेल असे नाही. काही वर्षांपूर्वी घाईत हमरस्त्यावरच्या एका टपरीवरून मी पाच डझनांची पेटी उचलली होती. वरचा थर नामी होता, खालचे दोन थर घाटावरून आलेल्या भलत्याच जातीचे निघाले, आणि घरच्यांनी तो किस्सा अजून सोडलेला नाही. बागायतदाराकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून घ्यावा, आणि सगळे थर उघडून पाहावेत. मार्चमध्ये भाव चढे असतात. मे जवळ येतो तसे ते उतरतात आणि गोडीही वाढलेली असते.

आंब्याशिवाय या दिवसांत खास काय?

बाहेरचे पाहुणे जे बहुधा चुकवतात, ती सुरंगी. वेंगुर्ले तालुक्यात आरवली, आसोली या बाजूला सुरंगीची मोठी झाडे आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाड फांद्यांना चिकटून तिच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या आणि पिवळ्या केसरांच्या फुलांचे घोस येतात. कळी उमलण्याआधी काढावी लागते, म्हणून घरची माणसे पहाटे झाडावर चढतात, आणि बायका ओसरीवर बसून वळेसर, म्हणजे गजरे, ओवतात. वास इतका दाट असतो की बसमध्ये एका बाईने वळेसर माळलेला असला तर मागच्या बाकापर्यंत कळते. फूल सुकल्यावरही वास टिकतो. आरवलीला गेलात तर वेतोबाचे देऊळ पाहावे. नवस फेडणाऱ्यांनी त्याला वाहिलेले केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा तेथे दिसतात, कारण वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे.

ओल्या काजूगरांची उसळ हीदेखील याच दिवसांची. ओली बी फोडताना तिच्या सालातल्या तेलाने बोटे सोलवटतात. म्हणून सोललेले गर महाग वाटले तरी घासाघीस करू नये.

कोणते किल्ले पाहावेत?

वेळ एकाच किल्ल्यापुरता असेल तर मालवणचा सिंधुदुर्ग पाहावा. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली. मालवणच्या धक्क्यावरून होडीने थोड्याच मिनिटांत पोहोचता येते. अगदी जवळ जाईपर्यंत तटातला दरवाजा नजरेला पडत नाही, ही रचनेची खुबी होडीतूनच अनुभवावी. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे आहेत, आणि चारी बाजूंना खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. पहिल्या होडीने जावे. अकरानंतर तटावर सावलीचे नाव नसते.

विजयदुर्गाला जमिनीवरून जाता येते, म्हणून घरात वयस्क माणसे असतील तर तो सोयीचा. आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार फेब्रुवारी १७५६ मध्ये पडला, आणि तोही इंग्रज व पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांविरुद्ध केलेल्या मोहिमेत. ही गोष्ट तटावर उभे राहून आठवली की मन खट्टू होते. हर्णैचा सुवर्णदुर्ग भरती-ओहोटी विचारून पाहावा. हे तिन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांमध्ये आहेत.

कातळशिल्पांबद्दल ऐकले आहे. ती वसंतात पाहता येतात का?

उलट हाच काळ योग्य आहे. पावसाळ्यात सडे गवताने आणि फुलांनी झाकलेले असतात, आता ते उघडे पडतात. जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर कोरलेली ही चित्रे हजारो वर्षांपूर्वीची मानली जातात. राजापूर तालुक्यात बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, रत्नागिरी तालुक्यात उक्षी आणि जांभरूण, सिंधुदुर्गात कुडोपी ही त्यांची काही ठिकाणे असून २०२२ साली त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या आकृतीत इतर प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. देवाच्या गोठण्याच्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवले की सुई भलतीकडे फिरते. वेळ मात्र सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची धरावी. तिरप्या उन्हात कोरीव रेषेला सावली पडते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी माणूस हत्तीच्या पोटात उभा राहून हत्ती कुठे आहे म्हणून विचारतो. रेषांवरून चालू नये आणि त्यांत खडू किंवा पाणी भरू नये. गावातला माणूस बरोबर घेतला तर वाटही सापडते आणि त्याला चार पैसेही मिळतात.

समुद्रात पोहणे आणि स्कूबा सुरक्षित आहे का?

मालवण आणि तारकर्लीचा समुद्र या दिवसांत तसा शांत असतो, पाण्याखालचे दिसतेही बरे. एप्रिलअखेरीस लाटा वाढू लागतात आणि मेच्या शेवटी पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद होतात. मालवणचा हा भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे प्रवाळावर पाय ठेवणे किंवा ते तोडून आणणे हा गुन्हा ठरतो. लाइफ जॅकेट दिले नाही तर होडीत बसू नये, मग दर कितीही कमी असो. गणपतीपुळ्याला पाण्याची ओढ फसवी आहे. तेथे गुडघ्याच्या पुढे जाऊ नये, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि काही जण ऐकत नाहीत.

रात्री काय करावे?

कुठे दशावतार आहे का, ते विचारावे. कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू झालेला हंगाम पावसापर्यंत चालतो. देवळासमोर रात्री उशिरा खेळ उभा राहतो, पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर पहाट होते. संहिता लिहिलेली नसते, संवाद तिथल्या तिथे सुचतात, स्त्रीपार्टही पुरुषच करतात. पहिला तासभर भाषा कानात बसेपर्यंत धीर धरावा. दिवसा कुडाळजवळच्या पिंगुळीला गेल्यास ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पाहता येतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

कसे यावे?

रेल्वेने. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण खुली झाली, आणि खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी रोड यांपैकी जवळचे स्थानक निवडता येते. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. शिमग्याच्या तारखांना ते पाहता पाहता भरते. विमानाने यायचे तर सिंधुदुर्गातील चिपी आणि सीमेपलीकडे गोव्यातील मोपा हे दोन विमानतळ आहेत. चिपीची उड्डाणे चालू आहेत का, ते आधी पाहावे. कोल्हापूरकडून आंबा, करूळ, फोंडा किंवा आंबोली घाट उतरावा.

स्वतःच्या गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने येण्यात वेळ जातो, पण तो सत्कारणी लागतो. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडता येतात. नकाशावरचे अंतर पाहून वेळ काढू नये. खाड्यांच्या मुलखात चाळीस किलोमीटरला दोन तास सहज लागतात.

मुक्काम आणि जेवण?

घरगुती निवास घ्यावा. वेळाससारख्या गावी तर तोच पर्याय आहे. जेवणाचे आदल्या रात्री सांगावे, कारण मासळी सकाळच्या लिलावावर ठरते. ‘आज फक्त बांगडा आहे’ हे उत्तर रागाने घेऊ नये, तो बांगडा ताजा असतो. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले आणि सोलकढी एकदा तरी खावी. शाकाहारी माणसांची कुचंबणा होत नाही. कोवळ्या फणसाची भाजी, काजूगर, घावणे, आणि नारळाच्या गोड रसातले शिरवळे या हंगामात सहज मिळतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याचा वसंताशी संबंध नाही, पण विचारणारे पुष्कळ म्हणून नोंदवले.

मोबाईलवरून पैसे देता येतात का?

शहरांत आणि मालवणसारख्या ठिकाणी येतात. सड्यावर आणि खाडीकाठी रेंज जाते, रोख जवळ ठेवावी.

परतताना काय न्यावे?

सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, मालवणी मसाला, भाजलेले काजू, आमसुले. आंबा न्यायचा तर तयार फळ घेऊ नये. आढीला घालायच्या बेताचे, अजून हिरवट असलेले घ्यावे, पेटीत पेंढा भरपूर घालून घ्यावा आणि गाडीत ती बाकाखाली, उन्हापासून दूर ठेवावी. घरी पोहोचल्यावर दोन दिवसांआड एकेक फळ हातात घेऊन पाहावे, मऊ पडलेले आधी खावे, आणि पेंढा ओलसर वाटला तर लगेच बदलावा.